रंगाआधी मीठ: किनाऱ्यावरच्या गाडीची चाकं पावडर कोटिंगला देताना

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तू देवगडला राहतोस. गाडी दीडशे सीसीची, पुढे डिस्क, मागे ड्रम, दोन्ही मॅगव्हील, म्हणजे ओतीव अॅल्युमिनियमची चाकं. गेल्या मे महिन्यात काळं पावडर कोटिंग करून घेतलंस, म्हणजे रंगाची कोरडी पावडर विजेच्या जोरावर चाकावर बसवून भट्टीत पिकवतात ते. एक पावसाळा झाला, रिमच्या कडेला फुगे आले, आता पापुद्रे सुटतायत आणि मागच्या चाकातली हवा आठवड्याला उतरते. कोटिंगवाला म्हणतो, "नुसते टायर काढून आण, बाकी आम्ही बघतो." तर या खेपेला तू घरी काय तयारी करावीस आणि त्याच्याकडून काय करून घ्यावंस?

मी कुडाळला बावीस वर्षं हेच काम करतोय. माझ्याकडे परत आलेली, म्हणजे रंग सोडलेली चाकं बघितली तर रंग वाईट होता म्हणून बिघडलेली फार थोडी. बहुतेकांच्या रंगाखाली मीठ राहिलेलं असतं.

आधी एक कर. सुटलेला पापुद्रा नखाने उचल आणि त्याची आतली बाजू उन्हात धरून बघ. आतली बाजू स्वच्छ, चकचकीत असेल आणि खालचा धातूही कोरा असेल, तर रंग चिकटलाच नव्हता: तेल, ग्रीस किंवा टायर पॉलिशचं सिलिकॉन राहिलं होतं. आतल्या बाजूला पांढरी भुकटी असेल आणि धातूवर अळीने पान पोखरावं तशा बारीक नागमोडी रेषा दिसत असतील, तर ते मिठाचं काम. रेषा बहुतेक कडेपासून, व्हॉल्व्हच्या भोकापासून किंवा खडा लागून टवका उडालेल्या जागेपासून सुरू होतात आणि रंगाखालून आत सरकत जातात. तू सांगतोस त्यावरून तुझं दुसऱ्या प्रकारातलं आहे. हवा उतरते त्याचं कारणही तेच. टायरची कडा रिमवर जिथे दाबून बसते तिथे ही भुकटी धरली की हवा तिच्यातून वाट काढते.

हे मीठ येतं कुठून ते तुला सांगायला नको. जेट्टीवर गाडी लावतोस, मासळीच्या टेम्पोतून बर्फाचं खारं पाणी रस्त्यावर गळत असतं, पुळणीवर चाक रुततं, आणि काहीच केलं नाहीस तरी दुपारचा खारा वारा आहेच. पण त्याचा स्वभाव समजून घे. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतः पाणी ओढून विरघळतं. पावसाळ्यात आपल्याकडे हवा त्याच्या वरच असते. शिवाय समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईड असतं, ते तर ३३-३४ टक्क्यांनाच ओलं होतं. म्हणजे पौष-माघातसुद्धा ते पूर्ण सुकत नाही. रंगाचा थर पाण्याला अडवतो खरा, पण वाफ हळूहळू झिरपतेच. खाली मिठाचा कण बसलेला असेल तर तो ती वाफ धरून ठेवतो, तिथे खाऱ्या पाण्याचा थेंब तयार होतो आणि रंग आतून उचलला जातो. फुगा येतो तो असा.

म्हणून घरी पहिलं काम धुण्याचं, खोलण्याच्याही आधी. धुण्याचं पाणी कुठलं ते बघ. खाडीकाठच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. त्याने धुणं म्हणजे मीठ काढून मीठ लावणं. नळयोजनेचं गोडं पाणी असेल तर ते घे. गरम पाणी, भांड्यांचा साबण, प्लास्टिकचा ब्रश. तांबडी माती स्पोकच्या मुळाशी आणि हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, फासळ्यांत चिकटून बसते, तिच्यात मीठ भरपूर असतं, ती लाकडी काडीने कोरून काढ. तारेचा ब्रश वापरू नको. लोखंडाचे कण अॅल्युमिनियममध्ये रुततात आणि मग तेच गंजतात.

आता खोलणं. "नुसते टायर काढून आण" हे मला मुळीच मान्य नाही. चाक १८०-२०० अंशाच्या भट्टीत जाणार. आत बेअरिंग राहिलं तर त्यातलं ग्रीस पातळ होऊन बाहेर येतं, हबवर पसरतं आणि तिथे रंग धरत नाही. बेअरिंग तर गेलंच. ऑइल सील आणि हबचे रबर करपतात. म्हणून टायर, व्हॉल्व्ह, बॅलन्सची वजनं, डिस्क प्लेट, स्प्रॉकेट आणि त्याचा ड्रम, हबचे रबर, दोन्हीकडची सील, दोन्ही बेअरिंग आणि त्यांच्या मधली स्पेसरची नळी, सगळं बाहेर. डिस्कचे बोल्ट कंपनीतून चिकटद्रव लावून आलेले असतात. हिसका देऊन अॅलनचं भोक गोल करून ठेवू नको. बोल्टच्या डोक्यावर हॉट एअर गन दोन-तीन मिनिटं धर, मग पान्याला जोर दे. बेअरिंगही तसंच: हब सगळीकडून सारखं तापवलं की अॅल्युमिनियम फुगतं आणि बेअरिंग दोन-चार ठोक्यांत सुटतं. गॅसची टॉर्च एकाच जागी लावू नको. काढलेलं बेअरिंग परत बसवायचं नाही, कारण आतल्या गोलावर ठोकून काढलेल्या बेअरिंगच्या गोळ्यांनी आपल्या फिरण्याच्या खाचेत डाग पाडलेले असतात. नवीन आणून ठेव. स्पेसरची नळी मात्र जपून ठेव, तिची लांबी त्या चाकाच्या मापाची असते.

उघडं झालेलं चाक आता नीट तपास. आस घालून फिरव आणि रिमजवळ एक खूण धरून बघ. बहुतेक गाड्यांच्या पुस्तकात रिमचा डगमग २ मिलिमीटरपर्यंत चालतो असं दिलेलं असतं. त्याच्या वर असेल तर आधी चाक सरळ करून घे किंवा बदल. कोटिंग झाल्यावर सरळ करायला गेलास तर रंग तडकतो. तडे मात्र रंग उतरल्याशिवाय दिसत नाहीत, त्याचं पुढे सांगतो.

रंग उतरवायला आपल्याकडे दोन चुकीचे उपाय सर्रास चालतात. एक कॉस्टिक सोडा. लोखंडाला तो चालतो, पण अॅल्युमिनियम त्यात अक्षरशः विरघळतं, हायड्रोजन वायू सुटतो, आणि चाक काळं पडून खडबडीत होऊन बाहेर येतं. दुसरा, बाथरूम धुण्याचं अॅसिड. ते हायड्रोक्लोरिक, म्हणजे ज्या क्लोराईडशी आपण भांडतोय तेच आपल्या हाताने चाकाच्या प्रत्येक छिद्रात भरायचं. रंगाच्या दुकानात मिळणारा पेंट रिमूव्हर वापर, तोही उघड्यावर, रबरी हातमोजे घालून. घरात त्याची वाफ कोंडली तर घातक. एक हात लाव, रंग सुरकुतला की प्लास्टिकच्या पट्टीने खरवड, पुन्हा लाव, मग भरपूर पाण्याने धू. हे घरी जमत नसेल तर कोटिंगवाल्यावर सोड, पण सोडा आणि अॅसिड नको हे त्याला तोंडी सांग. त्याच्याकडे लोखंडी ग्रिलसाठी सात टाक्या मांडलेल्या असतील, तर त्यातल्या गंज काढायच्या टाकीत तुझं मॅगव्हील बुडवू देऊ नको.

त्यानंतर ब्लास्टिंग, म्हणजे जोराच्या हवेने बारीक कण मारून धातू साफ करणं. इथे माझी एक चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात मी खाडीतली रेती चाळून, उन्हात वाळवून ब्लास्टिंगला वापरायचो. फुकट मिळायची आणि कापायचीही छान. वेंगुर्ल्याच्या एका गिऱ्हाईकाच्या दोन्ही चाकांना दिवाळीत पांढरा रंग दिला. शिमग्याला तो चाकं घेऊन परत आला, रिमवर गोवर उठल्यासारखे फोड. मी रेतीतलं पाणी वाळवलं होतं, मीठ तसंच राहिलं होतं, आणि ते मी जोराच्या हवेने धातूत ठोकून बसवलं होतं. चाकं दुसऱ्यांदा फुकट करून दिली आणि उरलेली रेती बांधकामालाही दिली नाही. शिवाय रेतीच्या धुळीने कामगाराच्या फुप्फुसाला सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही. आता मी अॅल्युमिनियम ऑक्साईड वापरतो, ८० ते १२० नंबरचं, आणि दाब ५० पीएसआयच्या आसपास ठेवतो. गार्नेटही चालेल. स्टीलचे छरे किंवा लोखंडी ग्रिट मॅगव्हीलला नको, आणि ज्या यंत्रात सकाळी गंजलेली ग्रिलं मारली त्याच मालात दुपारी तुझं चाक नको. कोटिंगवाल्याला विचार: "माल कुठला, आणि यात लोखंड मारता का?" उत्तर द्यायला तो अडखळला तर दुसरीकडे जा. ब्लास्टिंगच्या आधी डिग्रीसरने तेल काढलेलं असलंच पाहिजे. ब्लास्टिंग तेल काढत नाही, ते आत दाबतं.

ब्लास्टिंग झालं की चाक राखाडी, एकसारखं निस्तेज दिसतं. तडा शोधायचा तर तेव्हाच. लाल डाय लावायची, पुसायची, पांढरा डेव्हलपर मारायचा. तडा असेल तर त्यातून लाल रेघ वर येते. हबला जिथे स्पोक मिळतात तो कोपरा, बोल्टच्या भोकांभोवती आणि खड्ड्यात आपटलेली रिमची कड, या जागा बघ. लाल रेघ आली तर ते चाक संपलं. वेल्डिंग करून वरून कोटिंग केलेलं चाक मी कुणालाही देत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूच्या धातूची ताकद जाते आणि कोटिंग ते झाकून टाकतं. तपास झाला की डाय पूर्ण धुवायची.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे तू कोटिंगवाल्याकडे हट्ट धरून करून घे. ब्लास्टिंग झालेलं चाक लगेच रंगवायचं नाही. गरम गोड्या पाण्याने धुवायचं, मग इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरने शेवटचा हात. पाच लिटरचा कॅन दोन चाकांना पुरतो. शेवटचं अर्धा लिटर वरून ओतायचं आणि खाली स्वच्छ वाडग्यात धरायचं. आरओवाल्याकडे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा खिशातला टीडीएस मीटर असतो, तो त्या पाण्यात बुडवायचा. माझा नियम असा: आकडा तीसच्या आत आला तर चाक पुढे जाईल, शंभरच्या वर गेला तर पुन्हा धुवायचं. चाक सुकवून एक रात्र उघड्या शेडमध्ये टांगून ठेवायचं. सकाळी विजेरी तिरकी धरून रिमची आतली बाजू बघायची. मीठ राहिलं असेल तर बाकीचं चाक कोरडं आणि एखाद्या जुन्या खड्ड्याच्या तोंडाशी टाचणीच्या डोक्याएवढा ओला ठिपका, भोवती काळपट कडं. माझ्याकडचा पोरगा तो लांबूनच ओळखतो. "काका, ह्येच्यात अजून मीठ आसा," म्हणतो आणि चाक परत हौदाकडे घेऊन जातो. अशा चाकाला पुन्हा धुणं, पुन्हा हलकं ब्लास्टिंग. तुझ्या मागच्या चाकाला दोनदा तरी करावं लागेल असं वाटतं, कारण हवा उतरतेय म्हणजे खड्डे खोल आहेत.

खड्डे भरायला गॅरेजची नेहमीची पुट्टी चालत नाही. ती भट्टीत फुगते, तडकते, आणि वीज वाहत नसल्यामुळे पावडरही तिच्यावर धड बसत नाही. शिसं-कथलाचं डाग देणंही नको, नेहमीचं सोल्डर १८३ अंशाला वितळायला लागतं. बारीक खड्डे प्रायमरखाली मिटतात. मोठे खड्डे कानशीने उथळ करून सोडून द्यावेत. दिसायला थोडं कमी, पण टिकायला पक्कं.

स्वच्छ झालेल्या चाकाला हाताचं बोटही लागता कामा नये. घामातही मीठच असतं. पावडर मारण्याआधी अॅल्युमिनियमला रासायनिक कवच हवं, क्रोमेटचं किंवा झिर्कोनियमचं. लोखंडाच्या साध्या फॉस्फेटने मॅगव्हीलला पुरेसं संरक्षण मिळत नाही. आपल्या भागात बरेच जण ही पायरी गाळतात. घाटावर पंख्याखाली ठेवलेल्या वस्तूला ते खपून जाईल, देवगडच्या चाकाला नाही. धुणं नीट झालं का हे बघायची सोपी खूण: चाकावर पाणी ओत. अखंड पापुद्र्यासारखं पसरलं तर तेल नाही. थेंब थेंब होऊन अळूच्या पानावरून घरंगळलं, तर अजून आहे.

मास्किंगमध्ये, म्हणजे रंग नको त्या जागा झाकण्यात, मी कुणाची घाई चालवून घेत नाही. पावडरचा थर साधारण ६० ते १०० मायक्रॉनचा. समज ८० धरला. ६३०१ नंबरच्या बेअरिंगचा बाहेरचा व्यास ३७ मिलिमीटर, त्याचं घर त्याच मापाला, फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायचा. घरात दोन्ही बाजूंनी ८० मायक्रॉन बसले की व्यास ०.१६ मिलिमीटरने कमी झाला. मग मिस्त्री हातोडीने बेअरिंग आत घालतो, ते दाबलं जातं, आणि हजार किलोमीटरच्या आत घरघर सुरू. म्हणून बेअरिंगच्या घराला सिलिकॉनचं बूच, बोल्टच्या आट्यांना बूच, आणि डिस्क बसते त्या सपाट गोलावर भट्टीत टिकणारी हिरवी टेप. साधी कागदी टेप करपते आणि तिचा गोंद धातूवर राहतो. डिस्कखाली रंगाचा असमान थर राहिला तर ब्रेक दाबल्यावर लिव्हर हाताला उसळ्या मारते. मागच्या ड्रमची आतली बाजू, जिथे लायनर घासतो, तीही पूर्ण झाकायची. स्प्रॉकेट, कॉलर आणि नट जिथे धातूवर धातू दाबून बसतात तिथेही रंग नको, कारण रंग दबत जातो आणि कसलेला बोल्ट सैल पडतो.

टायरची कड बसते त्या जागेबद्दल मतं वेगळी आहेत. ट्यूबलेसला थर जाड झाला तर कड नीट बसत नाही म्हणून काहीजण ती जागा झाकून कोरी ठेवतात. किनाऱ्यावर मला ते पटत नाही. कोरी जागा एका पावसाळ्यात पुन्हा भुकटी धरते. मी तिथे फक्त प्रायमरचा एक पातळ हात देतो, वरचा रंग देत नाही. तुला हवेचाच त्रास आहे, तर हे कोटिंगवाल्याशी आधी बोलून घे.

ओतीव धातूत बारीक पोकळ्या असतात, त्यात हवा, ओल, जुनं तेल अडकलेलं असतं. रंग पिकताना ते बाहेर आलं की टाचणीच्या टोकासारखी भोकं पडतात, आणि पुढे तिथूनच मीठ आत शिरतं. म्हणून पावडरच्या आधी चाक रिकामंच भट्टीत तापवायचं, पिकवण्याच्या तापमानापेक्षा दहाएक अंश वर, वीस-तीस मिनिटं. त्याहून जास्त तापवत बसायचं नाही. मॅगव्हीलच्या धातूला कारखान्यात उष्णता देऊनच ताकद आणलेली असते, आणि २०० च्या वर तासन्‌तास ठेवलं की ती उतरायला लागते. १८० अंशाला पिकणारी पावडर मिळते, चाकासाठी तीच माग. तापमान धातूचं मोजायचं, भट्टीच्या काट्याचं नाही: पातळ रिम लवकर तापते, जाड हब मागे राहतं. थर दोन हवेत, खाली इपॉक्सी प्रायमर आणि वर पॉलिस्टर. इपॉक्सी ओलीला चांगलं अडवतं पण उन्हात खडूसारखं होतं. पॉलिस्टर ऊन सोसतं.

तारेच्या स्पोकची चाकं असलेल्यांनीही हे वाचलं तर एवढंच सांगतो: चाक पूर्ण उसवावं लागतं. स्पोक आणि निपल वेगळे, रिम आणि हब वेगळे. क्रोमच्या चकचकीत थरावर पावडर धरत नाही, क्रोम आधी प्लेटिंगवाल्याकडून उतरवून घ्यावा लागतो. उघडी झालेली लोखंडी रिम पावसाळ्यात तासाभरात तांबूस होते, तिला ब्लास्टिंगनंतर जितक्या लवकर प्रायमर तितकं बरं. रात्रभर टांगून मीठ तपासलंत तर रंगाआधी पुन्हा ब्लास्टिंग करावंच लागेल.

वेळेचं बोलतो. दरवर्षी गणपतीच्या आधी पंधरा दिवस माझ्या दारात चाकांची रांग लागते. मुंबईकर गावाला येणार, गाडी नवी दिसली पाहिजे. पी हळद नि हो गोरी, असं हे काम होत नाही. त्या दिवसांत हवा सर्वांत ओली, कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं, पावडर ओल धरून गाठी होते आणि बंदुकीतून सारखी उडत नाही. मी त्या पंधरवड्यात चाकं घेतो, पण रंग दसऱ्यानंतर देतो. तुझं चाक चालू आहे तोवर थांब. हवा फारच उतरत असेल तर तात्पुरती ट्यूब टाक. दसरा झाला की दे, आणि कोटिंगवाल्याला किमान चार दिवस दे. एका दिवसात देतो म्हणणाऱ्याने रात्रभर टांगण्याची पायरी गाळलेली असते.

चाकं परत आली की टायर चढवायला घाई करू नको, दोन दिवस घरात ठेव. पंक्चरवाल्याकडे स्वतः उभा राहा. लोखंडी पाती थेट रिमवर टेकवायची नाहीत, मध्ये जाड प्लास्टिकचा तुकडा. मशीन असेल तर त्याच्या जबड्याला प्लास्टिकची टोपी आहे का ते बघ. टायरच्या कडेला साबणाचं पाणी, ग्रीस नको. व्हॉल्व्ह नवा. बेअरिंग बसवताना ते फ्रीजरमध्ये तासभर ठेव, हब हॉट एअर गनने कोमट कर, आणि दाब फक्त बाहेरच्या गोलावर दे. पहिलं बेअरिंग बसलं की स्पेसरची नळी आत टाक आणि मगच दुसरं. नळी बाहेर राहिली तर आसाचा नट कसताना दोन्ही बेअरिंग आतून आवळली जातात. डिस्कच्या बोल्टना चिकटद्रव लावून टॉर्क पान्याने कस आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपास.

त्यानंतर आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने चाकं धू, पुळणीवर गेलास तर त्याच संध्याकाळी. खडा लागून टवका उडाला तर तो त्याच दिवशी डिस्टिल्ड वॉटरने पुसून, सुकवून, टच-अपचा एक ठिपका दे. मागच्या चाकाचा पापुद्रा उचलल्यावर आतून काय दिसलं ते मला कळव. अळीच्या रेषा हबपर्यंत पोचल्या असतील तर चाक आधी माझ्याकडे पाठव, डाय मारून बघतो, मग रंगाचं ठरवू.